मोटोक्रॉस इंजिनातलं घर्षण: आधी काय करायचं आणि पैसे कुठे घालायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २५० सीसीची फोर स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक, नियमित सराव, अधूनमधून शर्यत. इंजिनातलं घर्षण कमी करून थोडी ताकद मिळवायची आहे आणि पिस्टन-रिंग इतक्या लवकर बदलाव्या लागतात तेही थांबवायचं आहे. तुमच्या यादीत चार गोष्टी आहेत: डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनच्या) कोटिंगची गजन पिन, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन, सिरॅमिक बेअरिंग, पातळ ऑइल आणि ऑइलमध्ये टाकायचं ॲडिटिव्ह. यातलं आधी काय करू, असं विचारलंय.

आधी यातलं काहीच नको. यादी वाईट आहे म्हणून नाही. तुमच्या रिंगा लवकर जातायत याचा अर्थ आत कुठेतरी ऑइलचा थर तुटतोय, आणि तो तुटत असताना वरून कोटिंग चढवलं तर तेही झिजून त्याच ऑइलमध्ये येणार.

मुळात हातात किती ताकद लागू शकते ते बघू. घर्षणाचा हिशेब बारमध्ये करतात, म्हणजे पिस्टनवर जणू तेवढा दाब उलटा पडतोय असं मानायचं. वरच्या फेऱ्यांना, म्हणजे जास्त आरपीएमला, तो ३ बार धरू. २५० सीसीला प्रत्येक चक्रामागे ७५ जूल गेले. १४,००० आरपीएमला सेकंदाला साधारण ११७ चक्रं होतात, म्हणजे पावणेनऊ किलोवॅट, जवळपास १२ हॉर्सपॉवर नुसती उष्णता बनून रेडिएटरमध्ये आणि ऑइलमध्ये जाते. मागच्या चाकाला चाळीसच्या आसपास ताकद देणाऱ्या बाइकमध्ये हा आकडा मोठाच आहे. पण यातला दहा टक्के वाचवला तरी हाती सव्वा हॉर्सपॉवर येते, आणि दहा टक्के वाचवणं ही मोठी मजल आहे. एखाद्या पिनने किंवा बाटलीने ती गाठली जात नाही.

हा तोटा सगळीकडे सारखा वाटलेला नसतो. सर्वात मोठा वाटा पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतीचा, ढोबळमानाने निम्मा. उरलेला बेअरिंग, कॅम आणि फॉलोअर, गिअरबॉक्स, पंप आणि क्रँककेसमध्ये ऑइल घुसळलं जाण्यात जातो. केटीएमचं २५० एसएक्स-एफ इंजिन घ्या: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५२.३ मिमी, मर्यादा १४,००० आरपीएम. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. पण तोच पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाला दर वेळी क्षणभर पूर्ण थांबतो. तुमच्या प्रश्नाची गाठ नेमकी या थांबण्यात आहे.

रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ च्या सुमारास बेअरिंगवर जे प्रयोग केले, त्यातून निघालेला आलेख आजही या कामाचा पाया आहे. दोन पृष्ठभाग पुरेशा वेगाने सरकत असतील तर ऑइल त्यांच्यामध्ये खेचलं जातं आणि ते एकमेकांना शिवतच नाहीत. वेग घटला, भार वाढला किंवा ऑइल फार पातळ झालं की थर विरतो आणि धातूची टोकं एकमेकांना लागायला लागतात. थराची जाडी दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणाच्या तिप्पट असेल तर निर्धास्त. एकपटीच्या खाली आली तर धातू धातूवर घासतोय असं समजायचं. रिंग सिलिंडरच्या मधल्या भागात असते तेव्हा ती ऑइलवर तरंगते, आणि तिथलं घर्षण ऑइलच्या दाटपणामुळे होतं. वरच्या टोकाला वेग शून्य, वर ज्वलनाचा दाब आणि सर्वाधिक उष्णता, त्यामुळे तिथे थर जवळपास नसतोच. ऑइल पातळ केलं तर मधल्या भागात ताकद वाचते आणि वरच्या टोकाला झीज वाढते. ताकद आणि आयुष्य बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने जातात, पण इथे त्यांचं पटत नाही. पातळ ऑइलचा सल्ला सरसकट देणारे लोक या टोकाकडे काणाडोळा करतात.

आता धूळ. मोटोक्रॉस इंजिनाचं आयुष्य कमी होण्याची बरीचशी कारणं एअर बॉक्समध्ये, म्हणजे फोमचा एअर फिल्टर बसतो त्या डब्यात, सापडतात. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर ७ ला बसतं, म्हणजे बहुतेक पोलादाहून कठीण. ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचा, आणि त्याच मापाचा धुळीचा कण आत गेला की तो थर भेदून दोन्ही बाजूंना ओरखडे काढतो. डोळ्यांना दिसणारे मोठे खडे फोम अडवतोच. मारक असते ती पिठासारखी धूळ, आणि तिला फोम अडवत नाही, फोमवरचं चिकट ऑइल अडवतं. कोरडा किंवा अर्धवट ऑइल लावलेला फोम असला काय नि नसला काय. ऑइल लावल्यावर फोम हातात दाबून दाबून रंग सगळीकडे एकसारखा येईपर्यंत मुरवायचा, जास्तीचं पिळून काढायचं, पण पिरगाळायचा नाही. पेट्रोलने धुऊ नका, जोडावरचा गोंद सुटतो. जिथे फोम एअर बॉक्सवर टेकतो त्या कडेला ग्रीसची पातळ रेघ हवीच.

फिल्टर काढल्यावर एक तपासणी दर वेळी करा. इनटेकच्या रबरी नळीत आतून स्वच्छ पांढरं कापड फिरवा. कापडावर ऑइलचा डाग आला तर हरकत नाही. पण बोटांमध्ये चोळल्यावर त्यात कचकच लागली तर धूळ फिल्टरला चुकवून आत जातेय; तो दिवस बाइक चालवण्याचा नाही. दुसरा पुरावा टॅपेट क्लिअरन्समध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातल्या फटीत, मिळतो. अनेक मोटोक्रॉस बाइकमध्ये इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात आणि त्यांच्या तोंडावर अतिशय पातळ, कठीण आवरण असतं. धुळीने ते गेलं की व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडायला लागतो आणि क्लिअरन्स घटतो. एक्झॉस्ट जागच्या जागी आणि इनटेकच घट्ट होतोय असं दिसलं तर मी आधी फिल्टरकडे जातो. शिम (ती फट जुळवणारी छोटी चकती) एकदा बदलून थोड्याच तासांत पुन्हा घट्ट झाला तर तो व्हॉल्व्ह संपला. पुढचा शिम टाकून वेळ मारून नेऊ नका, डोकं तुटून पिस्टनवर पडलं तर खर्चाला अंत नाही.

तुम्ही लिहिलंय की सिलिंडर "चांगला दिसतो" तरी रिंगा जातात. साहजिक आहे. भिंतीवर निकासिल असतं, निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेलं कोटिंग. माले या जर्मन कंपनीने ते १९६७ मध्ये काढलं, मुळात वँकेल इंजिनासाठी. सिलिकॉन कार्बाइड क्वार्ट्झहून खूप कठीण आहे, त्यामुळे भिंत टिकते आणि तीच धूळ रिंगेला आणि पिस्टनच्या स्कर्टला (रिंगांखालच्या बाजूंना) खाते. तुमचा जुना पिस्टन असेल तर स्कर्टकडे नीट बघा. उभे, बारीक, एकमेकांना समांतर, मॅट राखाडी ओरखडे स्कर्टच्या रुंदीभर पसरले असतील तर ती धूळ. चार कोपऱ्यांत चकचकीत, दाबल्यासारखे पट्टे असतील तर थंड इंजिन ताणलं गेलंय: पिस्टन फुगला आणि सिलिंडर मागे राहिला. स्कर्टवरचं काळं मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइटचं आवरण मधोमध थोडं गेलेलं असणं सामान्य आहे.

थंड इंजिनाचं म्हणाल तर फोर्ज्ड पिस्टनचा २६१८ मिश्रधातू कमी सिलिकॉनचा असतो आणि तापल्यावर जास्त फुगतो. कारखान्याने क्लिअरन्स चालू तापमानाच्या हिशेबाने ठेवलेला असतो, मिलिमीटरच्या काही शतांशांचा. सुरू केल्यावर हलक्या फेऱ्यांवर दोन्ही रेडिएटर हाताला सारखे गरम लागेपर्यंत थांबा, मग ट्रॅकची एखादी फेरी अर्ध्या थ्रॉटलवर मारा, मग काय ते करा. उगाच पंधरा मिनिटं आयडलवर ठेवणंही बरं नाही. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं.

ऑइलवर जरा थांबतो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. बहुतेक बाइकमध्ये सगळं मिळून एक-सव्वा लिटर ऑइल असतं आणि तेच इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना पुरतं. (होंडाच्या जुन्या सीआरएफमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं होतं, मला ती रचना आवडायची, पण ती आता मागे पडली.) या लिटरभर ऑइलमध्ये क्लच प्लेटचा चुरा पडतो, पेट्रोल मिसळतं, आणि गिअरचे दात त्यातल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तोडतात. ऑइल गरम असतानाही दाट राहावं म्हणून हे पॉलिमर घातलेले असतात. त्यामुळे १०डब्ल्यू-५० चं ऑइल (दुसरा आकडा गरम ऑइलच्या दाटपणाचा) काही तासांनी ४० च्या घरात उतरतं. ४० ग्रेड म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५. सांगायचं हे की तुम्ही मुद्दाम पातळ ऑइल टाकलं नाहीत तरी ते आपोआप पातळ होतंय, आणि वर घाणही होतंय. महागडं ऑइल पंधरा तास चालवण्यापेक्षा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं साधं, चांगलं ऑइल पाच-सहा तासांनी बदललेलं केव्हाही बरं. तास मोजायला आवर मीटर लावा. "मागच्या महिन्यात बदललं होतं" हे माप नाही. प्रत्येक वेळी फिल्टर आणि जाळीही बघायची. जाळीवर चुंबकाला चिकटणारे बारीक कण थोडे असणारच, पण पिवळसर किंवा चांदीसारखे पापुद्रे दिसले तर इंजिन खोलायचं.

बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ आहे का, तेवढं बघा. हा जपानी मानक टी ९०३ चा भाग आहे आणि ओल्या क्लचला घर्षण हवं असतं म्हणूनच तो आहे. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं ऑइल, ते ओला क्लच नसलेल्या स्कूटरसाठी. कारचं ०डब्ल्यू-२० प्रकारचं इंधन वाचवणारं ऑइल टाकलं तर त्यातले फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण घटवणारी रसायनं) क्लच घसरवतात. इंजिनात अर्धी हॉर्सपॉवर वाचवून क्लचमध्ये तीन घालवायची, असा तो व्यवहार होतो. तुमच्या यादीतलं ॲडिटिव्ह याच कारणासाठी खोडतो. शिवाय मॉलिब्डेनमवर आधारलेले काही मॉडिफायर, विशेषतः एमओडीटीसी, काही प्रकारच्या डीएलसी आवरणाची झीज वाढवतात हे चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे. म्हणजे यादीतल्या दोन वस्तू एकमेकींच्याच मुळावर येऊ शकतात. चांगल्या ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं झीजरोधक संयुग, झेडडीडीपी, आधीच मोजून घातलेलं असतं. रिंग वरच्या टोकाला थांबते तेव्हा धातूवर बसलेला त्याचा पातळ थरच तिला वाचवतो. त्यात आपण आणखी काही ओतायचं काहीच कारण नाही.

पातळीचंही बघा. "थोडं जास्तच बरं" म्हणून शे-दीडशे मिलि वर भरलं की क्रँक ते घुसळत बसतो. फेस होतो, ताकद जाते, आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये ऑइल येतं ते वेगळंच. मॅन्युअलमध्ये जशी सांगितली आहे तशीच, बाइक सरळ उभी करून आणि सांगितलेला वेळ थांबून पातळी बघायची.

आता सिलिंडर. पुढचं टॉप एंड (पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरचं काम) कराल तेव्हा पैसे इथे घाला. गुळगुळीत भिंत म्हणजे कमी घर्षण, असं वाटतं, पण आरशासारख्या भिंतीवर ऑइल थांबत नाही. हवी ती पठारासारखी भिंत: वरची टोकं कापलेली, खाली तिरक्या रेघांचे चर शिल्लक, आणि त्या चरांत ऑइल. निकासिलला हिऱ्याचे होनिंग स्टोन (भिंतीवर असे चर पाडणारे दगड) लागतात. आवरण जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, त्यामुळे लोखंडी लायनरसारखं "एक हात मारून घेऊ" इथे चालत नाही. गोलाई आणि निमुळतेपणा मापात असेल आणि फक्त चकाकी आली असेल तर साबणाच्या पाण्यात घासणीचं पॅड घेऊन हाताने तिरक्या दिशेने घासलं तरी पुरतं. माप बाहेर गेलं असेल तर पुन्हा कोटिंग करणाऱ्यांकडे द्या आणि होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून करतात का ते विचारा. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो, आणि रिंगेला तो वाकडा झालेलाच भेटणार असतो.

होनिंगनंतर सिलिंडर पेट्रोलने पुसून बसवणारे मेकॅनिक मी भरपूर पाहिले आहेत. पेट्रोल ऑइल काढतं, कण चरांतच राहतात. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश, आणि तेही एकदा नाही. मग सुकवून पांढऱ्या कापडाला ऑइल लावून भिंत पुसायची. कापड राखाडी आलं, परत धुवा. पांढरंच आलं की बसवा. या अर्ध्या तासाच्या कामाला पैसा लागत नाही, आणि नव्या रिंगांचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर ठरतं.

रिंगांच्या बाबतीत पातळ, कमी ताणाच्या रिंगा खरोखर घर्षण घटवतात, आणि आजच्या कारखानी पिस्टनमध्ये तो फायदा बराचसा घेतलेला असतोच: रिंगा बारीक, स्कर्ट आखूड, वजन कमी. यामाहाने २०१० च्या वायझेड४५०एफमध्ये सिलिंडर क्रँकच्या मध्यापासून थोडा सरकवला, त्यामागेही स्फोटाच्या वेळी कनेक्टिंग रॉड जास्त सरळ राहावा आणि पिस्टनचा भिंतीवरचा दाब कमी व्हावा हाच हिशेब आहे. याच्या पुढे जाऊन ऑइल रिंगेचा ताण आणखी कमी करणं हे दर काही तासांनी इंजिन खोलणाऱ्या टीमचं काम. तुमच्यासाठी नाही.

डीएलसीवर माझा राग नाही. अतिशय कठीण, कमी घर्षणाचं आवरण आहे, आणि केटीएमसारख्या कंपन्या ते फिंगर फॉलोअरवर (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या छोट्या दांडीवर) कारखान्यातूनच देतात, कारण कॅम आणि फॉलोअरमध्ये थर नेहमीच पातळ असतो. गजन पिनवरही ते उपयोगी आहे, मुख्यतः पिन अडकून चरे पडण्यापासून वाचण्यासाठी. पण पिन पिस्टनमध्ये पूर्ण फिरत नाही, थोडीशी डुलते. तिच्यातून मिळणारी ताकद शोधायला गेलात तर सापडणार नाही. पिन बदलायचीच असेल तर डीएलसीची घ्या, केवळ ताकदीसाठी नको.

सिरॅमिक बेअरिंग पूर्ण खोडा. बॉल आणि रोलर बेअरिंगचं घर्षण मुळातच रिंगांच्या तुलनेत नगण्य. सिलिकॉन नायट्राइडचे गोळे पोलादाच्या निम्म्याहून हलके असतात, त्याचा फायदा टर्बाइनसारख्या प्रचंड वेगाला होतो. इथे उडीवरून उतरताना आणि प्रत्येक स्फोटाला बसणारे धक्के बेअरिंगच्या पोलादी कड्यांनी सोसायचे, तेही जास्त कठीण गोळ्यांखाली. तुम्हाला गंमत वाटेल, केटीएमने फोर स्ट्रोकच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे) रोलर काढून साधे शेल बेअरिंग दिले आणि क्रँकची सर्व्हिस १०० तासांवर नेली. बेअरिंगच्या प्रकारापेक्षा त्याला मिळणारं ऑइल जास्त मोलाचं, हे त्यावरून कळतं.

ज्याच्यावर खर्च करावा असं मला वाटतं ते गिअरचं सुपरफिनिशिंग, म्हणजे दात अतिशय गुळगुळीत करून घेणं. दातांचा खडबडीतपणा ०.१ मायक्रॉनच्या खाली आणला की तेवढ्याच थरात जास्त भार पेलतो, ऑइल कमी तापतं आणि दात कमी खरवडतात. पण हे तळाचं इंजिन उघडलं असेल तेव्हाच. त्यासाठी म्हणून क्रँककेस उघडू नका.

इंजिन जोडताना घर्षण मोजता येतं, आणि हे फार कमी लोक करतात. काट्याचा टॉर्क रेंच प्रायमरी नटवर लावून क्रँक सावकाश फिरवा आणि आकडा लिहून ठेवा: आधी नुसता क्रँक, मग पिस्टन आणि सिलिंडर बसवून, मग कॅम आणि चेन लावून, प्लग काढलेलाच ठेवून. एखाद्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारत असेल किंवा फिरवताना एकाच जागी अडत असेल, तर चूक त्याच टप्प्यात आहे. क्रँककेसचे बोल्ट आवळल्यावर क्रँक जड झाला तर तो मधोमध बसलेला नाही. हे टेबलावर सापडलं तर दहा मिनिटांचं काम. बाइकमध्ये राहिलं तर पुढच्या टॉप एंडपर्यंत तुम्ही ऑइलला दोष देत बसणार.

चालवण्यातही थोडं आहे. घर्षण फेऱ्यांबरोबर चढतं, त्यामुळे लिमिटरवर नुसतं किंचाळत ठेवण्यापेक्षा वरचा गिअर टाकलेला बरा. उलट फार कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन दाबत नेणंही वाईट, कारण भार पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे थर तुटायची अगदी योग्य वेळ. चिखल वाळून रेडिएटर बुजले की तापमान चढतं आणि ऑइल पातळ होतं, तेही धुतानाच बघून घ्या. आणि इंजिनाला हात लावण्याआधी चाकं हवेत फिरवून बघा. घासणारा ब्रेक, कोरडी किंवा अतिताणलेली चेन, चिखल गेलेलं चाकाचं बेअरिंग यांत जाणारी ताकद फुकट परत मिळते.

डायनोवर फरक दिसेल का, असंही विचारलंय. एकाच बाइकची एकाच दिवशी दोन वाचनं थोडी वेगळी येतात, आणि छोट्या बदलाचा फायदा त्या फरकातच हरवतो. त्यापेक्षा लीक डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणं) करा: नवीन टॉप एंड रुळल्यावर एकदा, मग दर दहा तासांनी, इंजिन गरम असताना. आकडा, तास, टॅपेट क्लिअरन्स आणि किती शिम बदलला ते एका वहीत लिहा. फिल्टर आणि ऑइलचं वर सांगितलेलं एका टॉप एंडपुरतं तरी नेमाने करा, आणि त्यानंतरही गळती त्याच वेगाने वाढत असेल तर वहीतले आकडे आणि पिस्टनच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मग सिलिंडरच्या मापाकडे बघू.